टचअपकाकांचा साधा फोटो

गावात त्यांना सगळे टचअपकाका म्हणत. त्यांना खरं नाव होतं, दुकानाच्या पाटीवर ते ठसठशीत रंगवलेलंही होतं. पण पाटी वाचून फोटो काढायला कोण येतो? लोक येत ते काकांच्या हाताची कीर्ती ऐकून. तो हात असा होता, की त्याखालून गेलेला माणूस घरी परत जाताना स्वतःचाच फोटो पाकिटातून पुन्हापुन्हा काढून बघत जाई.

विद्या वडिलांकडून आलेली. त्या काळी काचेच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलने एकेक सुरकुती भरून काढायची. भरता भरता वडिलांचे डोळे अधू झाले. मग कॉम्प्युटर आला आणि काकांच्या हाती जणू अलिबाबाची गुहाच लागली. दुकान मात्र होतं तसंच राहिलं. दारातून आत शिरलं की आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, शेजारी पावडरचा डबा आणि खुंटीवर एक काळा कोट. हा कोट फक्त पुढूनच कोट होता. पाठ उभी उसवलेली, तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे लावले की काडी पहिलवानापासून खऱ्या पहिलवानापर्यंत सगळ्यांना तो अंगाबरोबर बसे.

काकांचं म्हणणं सरळ होतं. "माणूस एका मंगळवारी दुपारी उन्हातून आला, घामाघूम झाला, आणि त्या वेळी कसा दिसला ते जन्मभर कागदावर का ठेवायचं? तो जसा असायला हवा होता तसा ठेवू की!" मग गाल भरून यायचे, टकलावर केस उगवायचे, डोळ्यांखालच्या पिशव्या रिकाम्या व्हायच्या. कोणी मागो न मागो. पैसेही जास्त घेत नसत. हाताला सवयच लागली होती, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

तक्रार अशी एकदाच आली. गावात एक खरोखरचा पहिलवान होता. आता हार्डवेअरचं दुकान चालवायचा. कुस्त्या खेळून त्याचा डावा कान चुरगळलेल्या कागदासारखा झालेला. काकांनी तो मायेने गोल करून दिला. संध्याकाळी पहिलवान फोटो घेऊन दारात उभा. "काका, हा कान मी तीन जिल्ह्यांत फिरून कमावलाय. माझा कान मला परत द्या." काकांनी मुकाट्याने कान परत दिला आणि फोटोच्या पाकिटावर लिहून ठेवलं, 'यांचं काही सुधारू नये.'

काकू काउंटरवर बसत. प्रिंट कापायच्या, पाकिटात भरायच्या, सुटे द्यायचे, वर गिऱ्हाइकाच्या घरचं सगळं विचारायचं, ही त्यांची खाती. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा एकच नियम काकांनी त्यांना घातला होता आणि त्यांनी तो पाळला होता. बदल्यात त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे समुद्रावर जायचं. काठावर नव्हे, काठावर त्या दोनदा गेल्या होत्या. मधोमध जायचं, जिथून कुठलीच जमीन दिसत नाही. आणि दर वेळी बॅग भरून झाली की कोणाला तरी उद्या सकाळी फोटो लागायचाच. नोकरीचा अर्ज असे, परीक्षा असे, एकदा तर कोणाच्या तरी मेलेल्या सासऱ्यांचा मोठा फोटो होता. काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." काकू बॅग रिकामी करायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण त्या आठवड्यात भाजी अळणी व्हायची.

शेवटी काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, की जिने चढायचे असतील तर या वर्षी चढून घ्या, पुढच्या वर्षी ऑपरेशन. म्हणजे 'पुढच्या वर्षी नक्की' या वाक्याचं दाणापाणी संपलं. त्याच सुमारास गावातल्या मॅनेजरांनी सहलीची टूम काढली. हे बँकेतून निवृत्त झाले होते. बँक सुटली पण मॅनेजरी सुटली नव्हती. शेजारच्या देशाला जाऊन येणारं मोठं जहाज, चार रात्री पाण्यावर, आणि गावातलीच माणसं सोबत. काकूंनी काकांना न विचारता दोन नावं देऊन टाकली. काकांना ते कळलं तेव्हा काकूंनी पैसेही भरलेले होते.

त्या देशाचा दंडक असा, की जहाजावर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाने प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि सोबत ताजा फोटो जोडायचा. मॅनेजरांनी सगळ्यांचे अर्ज आपल्याच हातांनी भरले. फोटोची जबाबदारी अर्थातच टचअपकाकांवर. गावात दुसरं होतं कोण?

अर्जाखाली सूचना होत्या. काकांनी त्या वाचल्या, खोटं कशाला बोला. 'फोटोत कोणताही बदल केलेला नसावा,' असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. काकांनी चष्मा वर सरकवला आणि विचार केला, की असले नियम ज्यांना नीट जमत नाही त्यांच्यासाठी असतात. मग ते कामाला बसले. परदेशात जाणार गावचे लोक. तिथल्या साहेबाच्या पुढ्यात कसेही चेहरे घेऊन गेले तर नाव कोणाचं जाईल? शाळेच्या मोठ्या बाई आता निवृत्त, त्यांच्या कपाळावर मुलांनी पाडलेल्या आठ्या होत्या, त्या पुसल्या. मॅनेजरांची हनुवटी दोन मजली होती, वरचा मजला ठेवला. पहिलवानाचं पाकीट सापडलं, त्यावरची सूचना वाचून त्यांनी सुस्कारा सोडला आणि तो फोटो तसाच जाऊ दिला. काकूंच्या फोटोवर हात जरा जास्त वेळ रेंगाळला. सगळ्यात शेवटी स्वतःचा फोटो. तिथे तर काय, आपला हात जगन्नाथ! काकांनी स्वतःला पंचवीस वर्षांपूर्वीचे केस दिले, कान डोक्याला चिकटवले आणि गळ्याखालची कातडी ताणून घेतली. बघून त्यांना इतकं बरं वाटलं, की दुकान बंद करताना ते शीळ घालत होते.

बंदरावरचं दालन मोठं, उंच छताचं आणि गारेगार होतं. पलीकडच्या काचेतून जहाज दिसत होतं. पण जहाज कसलं, एक सबंध पांढरी वसाहत पाण्यावर येऊन उभी राहिलेली. काकू काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "अहो, याला किती खिडक्या आहेत बघा!" असं त्या तीनदा म्हणाल्या. इतक्या मोठ्या आवाजात काकू काही बोलल्याचं काकांना आठवत नव्हतं.

रांग पुढे सरकली. काउंटरवर गणवेशातली एक तरुणी होती आणि तिच्यासमोर दांड्यावर बसवलेला छोटा कॅमेरा. माणसाने समोर उभं राहायचं, यंत्र त्याचा चेहरा अर्जातल्या फोटोशी ताडून बघणार. पटला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. पहिला नंबर पहिलवानाचा. हिरवा. "बघा, कान कामाला आला," असं म्हणून तो छाती काढून पुढे गेला.

मग मोठ्या बाई. लाल. पुन्हा उभं केलं. लाल. तरुणीने पडद्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "या तुमच्या कन्या का?"

"मला मूलबाळ नाही," बाई म्हणाल्या, "आणि हा फोटो माझाच आहे."

"बाजूला थांबता का जरा?"

उभ्या हयातीत मोठ्या बाईंना कोणी बाजूला उभं केलं नव्हतं. ते काम त्या इतरांना करायला लावत. त्यांच्यामागून मॅनेजर गेले. लाल. "यंत्र बिघडलंय तुमचं," ते म्हणाले, "तुमच्या वरिष्ठांना बोलवा." त्यांच्या मागचा लाल. त्याच्या मागची लाल. बाजूला थांबलेल्यांचीच एक नवी रांग तयार झाली. शेवटी तरुणीने खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "हे सगळे फोटो काढले कोणी?"

गावचा स्वभाव असा, की एरवी कुठल्याही गोष्टीवर तिथे दोन माणसांचं एकमत व्हायचं नाही. त्या क्षणी मात्र सगळी बोटं एकाच दिशेला वळली.

काका पुढे झाले. चेहऱ्यावर कौतुक स्वीकारायची तयारी होती, कारण त्यांना खरंच वाटलं की कौतुकच आहे. "मीच. काही चुकलं का?"

"यात तुम्ही काही बदल केलेत?"

"बदल असा नाही. थोडा हात फिरवला."

तेवढ्यात काकू कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. लाल दिवा लागला आणि पडदा त्यांच्या बाजूला वळलेला असल्यामुळे फोटोही त्यांना दिसला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "माझा तीळ कुठे गेला?"

"कुठला?"

"गालावरचा! लग्नाला तुमची आई बघून म्हणाली होती, तीळ शुभ आहे म्हणून. कुठे गेला?"

"तो... साफसफाईत गेला असेल."

"आणि ही कोण? हिचे डोळे बघा. ही बाई आयुष्यात कधी दुकानाच्या काउंटरवर बसलेलीच नाही." काकूंचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि काकांना त्याचीच भीती वाटायची. "इतकी वर्षं समोरासमोर बसतोय आपण. मी तुम्हाला अशी हवी होते, हे एकदा सांगायचं तरी."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताची लाज वाटली. "अगं, तसं नाही. हात आपोआप जातो," ते म्हणाले. ते खरंच होतं, पण त्या दालनात ते फार केविलवाणं वाटलं.

तरुणी तशी भली होती. म्हणाली, "नवे फोटो जोडता येतील. तो पांढरा खांब आहे, त्याच्यापुढे उभे राहा, फोनवर काढा, अर्जाला जोडा, दोन मिनिटांत उत्तर येतं. पण काही सुधारायचं नाही. आणि दार बंद व्हायला फार वेळ नाही."

मग काकांनी जे काम केलं, ते बघायला वडील असायला हवे होते. चष्मा कपाळावर, मॅनेजरांचा फोन हातात. "बाई, पाव पाऊल डावीकडे. खिडकीचा उजेड घ्या. हनुवटी खाली. श्वास सोडा. झालं!" एकेक माणूस खांबापुढे उभा राहायचा आणि हिरवा होऊन पुढे जायचा. प्रत्येक फोटोत आठ्या होत्या, पिशव्या होत्या, दोन्ही मजले होते. काकांचा अंगठा सवयीने पडद्याकडे जायचा आणि काकू शेजारून म्हणायच्या, "हात." अंगठा परत यायचा. मोठ्या बाईंनी आपला नवा फोटो बघितला आणि म्हणाल्या, "हां. हिला वर्ग सांभाळता येईल." काकूंचा फोटो तर पहिल्या झटक्यात मंजूर झाला. फोटोत हसू नये असा नियम होता, आणि काकू त्या वेळी हसण्याच्या मनःस्थितीत अजिबात नव्हत्या.

सगळे पलीकडे गेले. उरले काका, आणि आपली बॅग धरून उभ्या काकू.

आता काकांचा फोटो. मॅनेजर आपला फोन घेऊन जाताना म्हणाले, "तुमचा फोटो काय, तुम्हीच काढाल!" काकांनी काकूंचा फोन घेतला, हात लांब केला आणि स्वतःचा फोटो काढला. नामंजूर. चेहरा तिरका आहे, असं उत्तर आलं. सगळ्या जगाला नाकासमोर बघायला लावणारे काका स्वतः मात्र जन्मभर डावी बाजू बरी म्हणून मान वळवून बसत. दुसरा काढला. नामंजूर. भुवया उंचावलेल्या होत्या. डोळ्यांखालचं ताणलं जावं म्हणून त्यांनी त्या वर ओढल्या होत्या. तिसऱ्यात गाल आत ओढून धरले होते. यंत्राने तोही परत पाठवला.

"अहो, साधे उभे राहा ना."

"साधाच उभा आहे!"

"पोट आत घेतलंय तुम्ही. त्याला चेहरा हवाय, पोट नकोय!"

"श्वास घेतला की जातं ते आत!"

तरुणीने घड्याळाकडे बघितलं. "काका, आता एकदाच जमेल. त्यानंतर दार बंद. यांचं झालेलं आहे, या जाऊ शकतात."

काकूंनी काचेकडे बघितलं. पलीकडे जहाजाच्या शिडीवर मोठ्या बाई पहिलवानाचा दंड धरून चढत होत्या. काकूंनी बॅग खाली ठेवली, पर्स उघडली आणि तिच्यातून घराची किल्ली काढून काकांच्या तळहातावर ठेवली. मग त्यांच्या दुसऱ्या हातातून आपला फोन घेतला.

"ऐका. मी जाते," त्या म्हणाल्या. "फ्रिजमध्ये दही आहे, ते उद्यापर्यंत संपवा. दूधवाल्याला सांगा, चार दिवस अर्धाच लिटर. गॅस रात्री खालून बंद करायचा, वरून नाही."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. काकांनी त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेची रेघ शोधली; चेहरे वाचायचाच धंदा होता त्यांचा. रेघ नव्हती. बाईमाणूस खरंच निघालं होतं. दही, दूध आणि गॅस यांची व्यवस्था लावून झाली होती, म्हणजे विषय संपला होता.

काकांच्या भुवया खाली आल्या. गाल जागेवर आले, पोट बाहेर आलं, कान जिथे असायचे तिथे उभे राहिले. टक्कल खांबापुढे चमकू लागलं. डावी बाजू, उजवी बाजू कशाचंच भान राहिलं नाही. ते नुसते समोर बायकोकडे बघत राहिले.

खट्.

आयुष्यात पहिल्यांदा काकूंनी फोटो काढला होता. त्यांनी तो बघितलाही नाही, फोन सरळ तरुणीच्या हातात दिला. तिने अर्जाला जोडला. तिघंही पडद्याकडे बघत उभी राहिली. आधी एक गोल फिरत राहिला, मग थांबला, मग परत फिरला.

हिरवा.

"पळा!" तरुणी म्हणाली.

पळायचं कसलं, एकाचे श्वास आणि दुसरीचे गुडघे. दोघं भरभर चालत शिडीपर्यंत पोचली. शिडी चढताना काकांनी फोनवरचा तो फोटो बघितला. एक म्हातारा, कोणीतरी सोडून चाललंय म्हणून घाबरलेला. फोटो चांगला आला होता. उजेड बरोबर पडला होता, डोळे अगदी नीट आले होते. इतका खरा फोटो आपल्या दुकानात कधी निघाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि वाईटही वाटलं.

"अगं," ते मागून म्हणाले, "किल्ली दिलीस ती फोटोसाठीच ना? मी तोंड सरळ करावं म्हणून?"

काकू कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "मी जाणारच होते."

काकांना मघाचा तो खांब पुन्हा पाठीला टेकल्यासारखं वाटलं. "मी एकटा परत गेलो असतो, तरी?"

"तरी."

"आणि तोंड सरळ झालं ते?"

"ते झालं म्हणून म्हटलं काढून बघू. नुकसान काय होतं?"

काकांना राग यायला हवा होता. पण राग आणायला बसावं, तर काकूंची पाठ समोर दिसत होती. प्रत्येक पायरीला त्या गुडघ्यावर हात ठेवत होत्या आणि तरी थांबत नव्हत्या. काकांनी त्यांच्या खांद्यावरची बॅग घेतली.

वर पोचल्यावर काकू थांबल्या. खाली पाण्याची फट हळूहळू रुंद व्हायला लागली होती. त्यांनी हात पुढे केला, काकांच्या मुठीतली किल्ली काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"चार दिवस कोणाचे फोटो काढत बसलात," त्या म्हणाल्या, "तर परत देईन."